बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऋण

आमच्या घरावर कर्जं पुष्कळ. सोसायटीचं पीककर्ज दरवर्षी फेडतो आणि दरवर्षी नव्यानं उचलतो. एक देणं मात्र असं आहे, की ते कुणाच्या दारात नेऊन द्यायचं हेच कळत नाही. ते देणं बाबांच्या उजव्या डोळ्याचं.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमच्या धानाच्या बांध्या आहेत. कापणी झाली, पुंजणे रचले आणि चुरणी सुरू झाली की कुसळं नि भुसा हवेत उडतच असतो. डोळ्याला लोंबीचा फटका बसणं ही आमच्याकडे सांगण्याजोगी गोष्टच नाही. एका हंगामात तो बाबांना बसला. "काई नाई होत, कुसळ गेलं असन," म्हणून त्यांनी डोळा चोळला आणि पुन्हा कामाला लागले. लाली वाढली तेव्हा कुणीतरी सुचवलेले थेंब मेडिकलमधून आले. सुरुवातीला बरं वाटलं. मग दुखणं रात्री झोपू देईना आणि बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागला. आजी म्हणाली, "फूल पडलं." आमच्याकडे फूल पडलेला डोळा म्हणजे गेलेला डोळा.

पहिलं ऋण गावच्या आशाताईचं. तिनं ठिपका पाहिला, थेंबांची बाटली काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आम्हाला गोंदियाला धाडलं. दुसरं ऋण तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं. बाटलीवरचं नाव वाचून ते म्हणाले, "यात स्टिरॉइड आहे. यानं लाली उतरते, पण आत बुरशी असेल तर तिला रान मोकळं मिळतं." वेळ न दवडता त्यांनी नागपूरच्या मेडिकल कॉलेजसाठी चिठ्ठी लिहून दिली.

नागपूरला एका तरुण डॉक्टरबाईंनी बाबांचा डोळा बधिर केला, जखमेची किंचित खरवड काचपट्टीवर घेतली आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मलाही पाहू दिलं. फांद्या फुटलेले बारीक धागे होते. पुढे कल्चरमध्ये नाव निघालं, फ्युजेरियम. ही बुरशी शेतातल्या मातीत आणि पिकावरच राहते.

औषध दिलं नॅटामायसिन, पाच टक्क्यांचं, दुधासारखं पांढरं. बाटली हलवून तासातासाला टाकायचं. मी म्हणालो, "मॅडम, याहून नवं, भारी काही असेल तर सांगा. धान विकून पैसे आणतो."

"नवं आहे," त्या म्हणाल्या, "पण काकांसाठी हेच बरं." आणि असं का, ते त्यांनी सांगितलं.

नॅटामायसिन हे 1950च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं जुनं औषध. व्होरिकोनाझोल त्यानंतरचं, डोळ्यात चांगलं मुरणारं, म्हणून अनेकांची भिस्त त्यावर. खरं गुणकारी कोणतं, हे पाहायला मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठासोबत 2010 मध्ये चाचणी सुरू केली. 323 रुग्ण होते, त्यांत शेतीत राबणारे बरेच. कुणाला कोणतं औषध, ते नशिबावर सोडलेलं. ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. नव्या औषधाच्या गटात बुबुळाला भोक पडण्याचं किंवा ते बदलावं लागण्याचं प्रमाण जास्त निघालं आणि 2011 मध्ये नवे रुग्ण घेणं थांबवलं. निष्कर्ष 2013 मध्ये छापून आले. फ्युजेरियमच्या रुग्णांत नॅटामायसिनवाल्यांना तक्त्यावरच्या सुमारे चार ओळी जास्त वाचता येत होत्या.

म्हणजे त्या 323 पैकी सुमारे निम्म्या लोकांच्या डोळ्यांत उणं औषध पडलं. काहींचे डोळे त्यात गेलेही असतील. त्यांनी होकार दिला, म्हणून नागपूरच्या डॉक्टरबाईंना माझ्याशी बोलताना अडखळावं लागलं नाही. त्यांची नावं मला कधी कळणार नाहीत.

बाबांच्या बुबुळावर आज पुसट डाग आहे. त्या डोळ्यानं पेपरातलं बारीक वाचता येत नाही, पण धुऱ्यावरून कोण येतंय ते ते लांबूनच ओळखतात.

देणं थोडं तरी उतरावं म्हणून चुरणीच्या दिवसांत मी आशाताईबरोबर फिरतो. त्यालाही आधार दुसऱ्या परक्यांचाच. नेपाळमध्ये भक्तपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत बुबुळ खरचटलेल्या 442 जणांना आरोग्यसेवकांनी क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम दिलं होतं. इजा झाल्यापासून 18 तासांच्या आत ज्या 284 जणांवर उपचार सुरू झाले, त्यांतल्या एकाचीही जखम चिघळली नाही. 2001 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणून आम्ही सांगतो: डोळा चोळू नका, त्यात दूध किंवा पाल्याचा रस घालू नका, मनानं थेंब आणू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ऐकणारे ऐकतात. न ऐकणाऱ्यांना बाबा आपला डोळा दाखवतात.

मदुराईची हकिकत मी बाबांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग विचारलं, "त्याहिले कोनं सांगतलं का, का माहा डोळा वाचला म्हून?"

नाही, म्हटलं, त्यांना कसं कळणार.

"मंग आपल्याकडं कधी असं इचारायले आले, तर माहं नाव टाक."