टॅम्प्लीज

गंगाखेडला गोदावरीच्या वाळूत आम्ही शिवणापाणी खेळायचो. पायात काटा मोडला की मूठ ओठांना लावून ओरडायचं, ‘टॅम्प्लीज!’ मागे लागलेला पोरगा कितीही दांडगा असो, जागीच थांबायचा. हा शब्द ‘टाइम प्लीज’ आहे, हे फार उशिरा कळलं. त्याचं मोल कळायला त्याहून उशीर लागला.

ज्या लेकराचं ‘नको’ घरातल्याच मोठ्या माणसानं ऐकलं नाही, त्याला या शब्दाचा भरवसा कसा वाटावा? अत्याचारातून सावरणाऱ्या मुलांच्या गटात खेळ हाच उपचार असतो, तेव्हा आधी हा शब्द त्यांना परत द्यावा, असं मला मनापासून वाटतं. एकानं थांबा म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं; खेळ घेणाऱ्या ताईंनीसुद्धा. एखादं लेकरू खेळतच नाही, नुसतं थांबवून बघतं. खरंच थांबतात का? बघू द्यावं. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली खेळोपचारावरच्या पुस्तकात हेच बजावलं होतं: वाट मूल दाखवील, घाई करू नका.

आपले खेळ मात्र जरा बदलून घ्यावे लागतात. आंधळी कोशिंबीर नकोच. ‘मामाचं पत्र हरवलं’मध्ये पाठीमागे कुणी घुटमळलं, तरी एखाद्याचं अंग आखडतं, मग रुमाल समोर ठेवायचा. आणि मामा हा शब्दच सोसत नसेल, तर पत्र चिमणीचं हरवतं. अशा बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीतलाच असतो; मायेची नावंसुद्धा विटून जातात.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागू झाला. साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये, एवढी काळजी या कायद्यानं घेतली. पण कोर्टातून परतल्यावरची लांबलचक दुपार? ती सागरगोट्यांची असावी. तिथं जबाब काढायला कुणी खेळू नये. गोलात बसलेल्यांना काही सांगावं लागत नाही. तरी ‘हे माझ्याच वाट्याला आलं’ ही गाठ शेजाऱ्याच्या सोबतीनं सैल होते.

आम्ही धाकट्यांना कच्चं लिंबू करायचो. पकडलं तरी त्यांच्यावर राज्य नाही. या गटातही कुणी कितीही दिवस कच्चं लिंबू राहावं. मग एखाद्या संध्याकाळी, कुणी न विचारता, ते लेकरू गोलाच्या मधोमध येऊन म्हणतं, ‘आता माझ्यावर राज्य.’