ओटीचे तांदूळ आणि २२ गुंठे



चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईची पालखी निघते. आदल्या दिवशी पायथ्याच्या देवघर गावात तिच्या भावाची, काळभैरवनाथाची. आम्हा आगरी-कोळ्यांचा हा मोठा सण. ज्यानं कुणी ही तिथी धरली त्याला भातशेती नक्की कळत असणार. भाताची झोडणी कधीच उरकलेली, खाचरातल्या ओलीवर घेतलेले वाल निघालेले, पावसाळी कामं अजून लांब. भातकऱ्याला घर बंद करून निघायला याहून बरे दिवस नाहीत.

आमचं घर डोंबिवलीच्या ग्रामीण पट्ट्यात. इथली २७ गावं २०१५ ला पुन्हा महापालिकेत गेली आणि खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आमचे २२ गुंठे उरलेत. गेल्या खरिपात त्यात कर्जत-३ केलं, साडेसात क्विंटल भात झालं. मजुरी, नांगरट, खत वजा जाता हातात काही राहत नाही. त्यात शेजारचे बांध मोडून भराव पडला, म्हणून आमचं पाणी तुंबतं. मुलगा म्हणतो, "बाबा, यंदा पडीक ठेवू. ओटीला तांदूळ दुकानातून आणू."

म्हातारी आई ऐकेना. तिचं म्हणणं सरळ आहे, देवीची ओटी घरच्या तांदळानं भरायची. साडी विकतची चालते, नारळ विकतचा चालतो, तांदूळ आपल्या खाचरातला.

यंदा तिघं पिढ्यांचे मिळून आठ जण गेलो. कल्याणहून लोणावळा, तिथून लोकलनं मळवली. नेरळ-कर्जतपर्यंत दोन्ही अंगांना भाताची खाचरं दिसतात. कर्जतच्या संशोधन केंद्रातूनच आमचं हळवं वाण आलं. घाट चढलं की मावळ. इथं वडगावच्या केंद्रानं आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ च्या संकरातून १९८७ ला इंद्रायणी दिलं. एका यात्रेत भाताचे दोन मुलूख बघून होतात.

देवळाला लागूनच कार्ल्याची लेणी. तिथल्या शिलालेखात सुमारे १९०० वर्षांपूर्वीची एक नोंद आहे. नहपानाचा जावई उषवदात यानं पावसाळ्यात लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दान दिलं. म्हणजे तेव्हाही या डोंगरावरची चूल खालच्या गावाच्या पिकावर पेटत होती. मुलाला तो लेख दाखवला. तो हसला, म्हणाला, "तेव्हा गाव दिलं, आपण मूठभर देतो."

मी म्हटलं, मूठभर का होईना, ते पिकवावं लागतं. विकतच्या तांदळानं देवी रागावणार नाही, तेवढी ती समजूतदार आहे. पण ओटीसाठी तरी भात हवं म्हणून आपण बियाणं राखतो, बांध घालतो, जूनमध्ये आभाळाकडे बघतो. ती गरज संपली की २२ गुंठे म्हणजे नुसता चौरस फुटांचा हिशेब.

पायऱ्या उतरताना ठरलं. हा खरीप करायचा, पण खर्च धरून. चारसूत्री लावणी घेणार. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, चिखलणीला गिरिपुष्पाचा पाला, १५-२५ सेंटिमीटरची जोडओळ, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट खोल खोचायची. वर फेकलेला युरिया तुंबलेल्या पाण्याबरोबर वाहून जातो, खोल गेलेली ब्रिकेट मुळांपाशी राहते. पाण्याला वाट म्हणून कडेनं चर मुलगा स्वतः खणणार. खर्च-उत्पन्नाची वहीही त्याच्याकडेच. दिवाळीनंतर वही बघून पुढचं बोलू.

ठाणे, रायगड, पालघरच्या मंडळींना एक विचारायचंय. लावणीनंतर चार-पाच दिवस पाणी तुंबलं तरी तग धरणारं कुठलं वाण तुमच्या खाचरात टिकलंय? कृषी खात्यातले, विद्यापीठातले जाणकारही सांगा. मे महिन्यात बियाणं घ्यायचंय, त्याआधी कळलं तर बरं.

एकवीरा आई सगळ्यांची शेती सांभाळो.