बंद दिव्यांची बातमी

६ जानेवारी हा पत्रकार दिन. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केलं. तेव्हा ते जेमतेम विशीचे, माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचे.

“सर, बातमीला विषयच सुचत नाही,” म्हणणारी त्यांच्यातलीच एक मुलगी आठवडाभर वसतिगृहाच्या रस्त्यावरून फिरली. बंद दिव्याचा प्रत्येक खांब तिने गुगल मॅपवर टिपला, शीटमध्ये तारखा मांडल्या. फुलवाल्या मावशींचं बोलणं विचारून रेकॉर्ड केलं: “अंधार पडला की गाडी आवरते. गिऱ्हाईक येतंय कुठं?” मग १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. उत्तराची मुदत ३० दिवस.

नकाशाने खांब दाखवले. बातमी मावशींनी दिली. मुलांनो, फोन जरूर वापरा, पण आधी माणसांशी बोला.