कोट्याची फरशी

ऑगस्ट २००६. उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीला पूर आणून सुरतेत शिरलं, आणि अडाजणमधल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरातही. मी तेव्हा दहावीत होतो. पाणी ओसरलं तेव्हा घरभर गाळ. आई म्हणाली, "ओला आहे तोवरच काढायचा. वाळला की हटणार नाही."

खराटे, घमेली घेऊन दोन दिवस उपसलं. डाग तेवढे राहिले. आई नको म्हणत असताना मी दारापाशी ॲसिड ओतलं. फेस आला, डाग गेला, फरशीची चकाकीही गेली. कोटा हा चुनखडक, ॲसिड त्याला खातं. माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं की! पुराने जे केलं नाही, ते माझ्या घाईने केलं. आई काहीच बोलली नाही.

आज माझ्या घरी पावसाळ्यात दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं, आत सुती. ओलं झालं की लगेच उचलायचं, नाहीतर खाली ओल धरते. फरशी पुसायला पाणी आणि सौम्य साबण, बस्स.

आईकडे गेलो की मात्र दारातल्या त्या पांढुरक्या पट्ट्याजवळ मी आजही पाय दोनदा पुसतो.