एक डोळ्याची गाडी

माणसाला मोटार झाली की पहिली बाधा होते ती रंगाची. इंजिन कुठे असते, तेल कुठे ओततात, याची त्याला फारशी फिकीर नसते. पण दारावर नखाएवढा ओरखडा उठला की त्याची झोप उडते. मी मराठीचा प्राध्यापक आहे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी आता शांत चित्ताने पाहू शकतो. परंतु 2016 साली घेतलेल्या आमच्या छोट्या निळ्या गाडीवर कुणी धुळीत बोटाने नाव लिहिले, तर माझे चित्त आजही ठिकाणावर राहत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका शेजाऱ्यांनी मध्यंतरी आपल्या नव्या गाडीला अंगभर पारदर्शक पापुद्रा चिकटवून घेतला. रस्त्यावरची खडी उडाली तरी रंगाला धक्का लागत नाही म्हणे. त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा माझ्या हातातला चहा हिंदकळला. "कर्णाची कवचकुंडलेसुद्धा फुकट मिळाली होती!" असे मी घरी येऊन म्हणालो. त्यावर आमची सौभाग्यवती एवढेच म्हणाली, "कवचाचं राहू द्या. आपल्या गाडीचे दिवे बघा कसे झालेत. मोतीबिंदू झाल्यासारखे दिसतात."

दिवे पिवळट, धुरकट झाले होते खरे. पण दिव्यात काय पाहायचे? रंग झळकत होता. मी मान डोलावली आणि विषय संपवला.

2023 सालच्या दिवाळीत आत्याकडे जायचे ठरले. आत्याचे घर संगमेश्वरच्या पुढे, हमरस्त्यापासून आत. वय शहाऐंशी. "या वर्षी या रे बाबांनो, पुढच्या वर्षीचं कुणी पाहिलंय," असे ती दरवर्षीच म्हणते. पण या खेपेला ते फोनवर म्हणताना तिचा आवाज जरा बारीक वाटला. धनत्रयोदशीच्या दुपारी आम्ही तिघे पुण्याहून निघालो. मी, ही आणि दहावीतली कन्या. पौड मागे टाकले, मुळशीचे पाणी उजव्या हाताला चमकू लागले आणि ताम्हिणीच्या घाटात शिरताच घरातल्या अर्ध्या कटकटी आपोआप गळून पडल्या. पावसाळा सरला होता तरी डोंगर अजून हिरवे होते. गवताला नुकती पिवळी झाक येत होती. विळे, निजामपूर करीत चारच्या सुमारास माणगावला हमरस्त्याला लागलो.

मुंबई-गोवा रस्त्याविषयी कोकणी माणसाला काही सांगू नये. तो आपल्यालाच दोन गोष्टी जास्त सांगेल. या रस्त्याचा जुना क्रमांक 17, आता 66. चौपदरीकरणाला 2011 साली सुरुवात झाली. आम्ही गेलो तेव्हा बाराव्या वर्षीही ठिकठिकाणी काम चालूच होते. मधेच आरशासारखा काँक्रीटचा रस्ता लागे आणि त्याच्या भरवशावर जरा वेग घेतला की समोर वळणाची पाटी, खड्डे आणि पसरलेली खडी. गणपतीच्या आधी बुजवलेल्या खड्ड्यांतली ती खडी दिवाळीपर्यंत पुन्हा रस्त्यावर फिरायला बाहेर पडलेली होती!

लोणेऱ्याच्या पुढे आमच्यापुढे एक डंपर आला. खडीने काठोकाठ भरलेला, वर ताडपत्री नाही. मागच्या फळीवर एका बाजूला लिंबू-मिरची रंगवलेली, दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेले : सुरक्षित अंतर ठेवा. कन्येने ते मोठ्याने वाचून दाखवले. मी म्हणालो, "अक्षर चांगलं आहे." आणि पुढे जाण्याची संधी साधण्यासाठी अंतर आणखी कमी केले.

टक्! आणि पाठोपाठ टणक्! दोन दगड. मी गाडी कडेला घेतली, उतरलो आणि बॉनेटवर वाकलो. हरभऱ्याएवढा रंगाचा टवका उडाला होता. आतला राखाडी थर दिसत होता. मी रुमाल काढून तो पुसला, फुंकर घातली, पुन्हा पुसला. डाव्या दिव्याच्या काचेला तडा गेला होता तोही दिसला; पण तो दिवा मी लावून पाहिला नाही. दिवसाउजेडी दिवा कोण लावून पाहतो? सगळे दुःख त्या हरभऱ्याएवढ्या टवक्यापाशी वेचून मी गाडीत येऊन बसलो.

महाडजवळ सावित्री ओलांडताना गाडीतली मंडळी गप्प झाली. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री इथला जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या व इतर वाहने गेली. पुढच्या वर्षी जूनमध्ये नवा पूल खुला झाला. त्या पावसाळी काळोखात पुढे पूल नाही हे कळायला वाव तरी कुठे होता! कन्येने विचारले, "बाबा, दिव्यात रस्ता किती दूरपर्यंत दिसतो?" मी म्हणालो, "पुष्कळ." प्राध्यापकाला उत्तर येत नसले की तो असेच विशेषण वापरतो.

पोलादपूर सोडले, जुन्या वाटेने कशेडी चढलो आणि घाटातच दिवस मावळला. मी दिवे लावले. उजेड अगदीच मंद वाटला. पण संधिप्रकाशात तसेच वाटायचे, अशी मी स्वतःची समजूत घातली. खेड मागे पडले. अमावास्या दोन-तीन दिवसांवर आलेली. आकाशात चांदणे नाही, रस्त्याला दिवे नाहीत. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश अंगावर आला की आपला पिवळा कवडसा त्यात विरघळून जाई.

आणि एका वळणावर कन्या किंचाळली, "बाबा, माणूस!"

ब्रेक कसा दाबला ते मला आठवत नाही. गाडी घसटत थांबली. डाव्या कडेला, बॉनेटपासून हातभर अंतरावर, एक म्हातारे गृहस्थ उभे होते. एका हातात आकाशकंदील, दुसऱ्या हाताला धरलेला सात-आठ वर्षांचा नातू. कुणाला काही लागले नव्हते. मी खाली उतरलो. पाय लटपटत होते. मला वाटले, आता चार शब्द ऐकावे लागणार, आणि ते ऐकण्याची माझी तयारीही होती. पण ते म्हणाले, "एकच दिवा दिसला ओ. मला वाटलं फटफटी येतेय, मधनं जाईल. म्हणून बाजूला झालो नाही."

त्या वाक्याने माझे डोळे उघडले. डावा दिवा बंद होता. उरला होता तो उजवा, रस्त्याच्या मध्याकडचा. समोरून पाहणाऱ्याला मोटारसायकल वाटावी आणि तिच्या डावीकडे चार फूट मोकळी जागा आहे असे वाटावे. त्या चार फुटांत आमची अख्खी गाडी काळोखात चालली होती. मी साडेतीन तास हरभऱ्याएवढ्या टवक्याचा शोक करीत होतो, आणि ज्याने कुणाचा जीव गेला असता तो दिवा मी पाहिलाही नव्हता.

आजोबांना नातवासह गाडीत घेतले, त्यांच्या वाडीच्या फाट्यावर सोडले आणि त्यांनीच दाखवलेल्या गॅरेजपाशी, परशुराम घाटाच्या अलीकडे, जाऊन थांबलो. गॅरेज बंद होण्याच्या बेतात होते. मालक साठीचे, पांढरी दाढी, कपाळावर चढवलेला चष्मा. आजूबाजूची पोरे त्यांना चाचा म्हणत होती. त्यांनी दिव्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"सर, पूर्वीच्या ॲम्बेसिडरला खरी काच असायची. दगड लागला की फुटायची. फुटली की लगेच कळायचं. आता हे प्लॅस्टिक. पॉलिकार्बोनेट. सहसा फुटत नाही, पण उन्हानं आंधळं होतं. आणि हळूहळू होतं, म्हणून मालकाला कळत नाही."

मग हात चालता ठेवून त्यांनी मला जो पाठ दिला, तो माझ्या कोणत्याही तासापेक्षा सरस होता. या प्लॅस्टिकवर कारखान्यात एक संरक्षक लेप देतात. ऊन आणि धुळीचा मारा खाऊन तो झिजतो, मग काच पिवळी पडते. टूथपेस्टने घासले तर चार दिवस चकाकते, पुन्हा जैसे थे. खरा उपाय म्हणजे पाणी सोडत आधी जाड आणि मग बारीक पॉलिशपेपरने घासायचे, पॉलिश करायचे आणि वर ऊन अडवणारा लेप नव्याने द्यायचा. शेवटची पायरी गाळली तर काही महिन्यांत मोतीबिंदू परत. धुरकट काचेमागे जास्त जोराचा बल्ब बसवणे हा तर शुद्ध वेडेपणा. उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत फाकतो. दिव्यावर लोखंडी जाळी लावली तर दगड अडतो, पण प्रकाशही अडतो.

"आणि पुढे तो लोखंडी दांडा बसवून घेतला तर?" मी विचारले.

"नको. 2017च्या डिसेंबरात केंद्र सरकारने त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. त्यानं एअरबॅगचं गणित चुकतं, आणि चालणारा माणूस सापडला तर त्याचं काही खरं नाही."

चालणारा माणूस म्हणताच माझ्या घशाला कोरड पडली.

रंगाचेही त्यांनी शास्त्र सांगितले. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप. चारही थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. शेजाऱ्यांचा तो पापुद्रा एकटाच त्याच्या दीडपट-दुप्पट जाड असतो, म्हणून खडीचा मार सोसतो. पण अंगभर कशाला? दगड लागतात ते बॉनेटची पुढची कड, बंपर, आरशांच्या पाठी, दिवे आणि चाकांमागचा भाग, एवढ्याच ठिकाणी. तेवढ्यापुरता लावला तर खर्च आवाक्यात येतो. ज्याला सिरॅमिक कोटिंग म्हणतात ते गाडी धुवायला सोपे करते; दगड अडवीत नाही. टवका पत्र्यापर्यंत गेला असेल तर पावसाळ्याची वाट न पाहता तो साफ करून, प्रायमर लावून, गाडीच्या रंगक्रमांकाचा रंग भरावा. कोकणच्या खाऱ्या हवेत गंज फार दिवस थांबत नाही. बंपर प्लॅस्टिकचा, तो गंजत नाही. तिथे घाई नाही. चाकांमागचे रबरी पडदे शाबूत ठेवावेत. ते आपल्यापेक्षा आपल्या मागच्याच्या गाडीला वाचवतात. आणि सकाळी सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसू नये. धुळीचे कण रंगावर घासले जातात. आधी पाणी सोडावे. (हे ऐकून सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. रोज सकाळी कोरडे फडके मीच मारतो.)

"पण चाचा, दगड लागूच नये म्हणून काय करायचं?"

चाचा हसले. "डंपरच्या मागे लिहिलेलं असतं ना, सर! दगड आपल्याला मारायला येत नाही. तो हवेत उडतो, आणि आपण जोरात जाऊन त्याच्यावर आपटतो. वेग निम्मा केला की मार चौथाई होतो. खडी दिसली की वेग कमी, अंतर जास्त. बस्स."

कन्येने ते अंतर मोजण्याची युक्तीही शोधली. पुढच्या गाडीने एखादा मैलाचा दगड ओलांडला की "पुंडलीक वरदे हारी विठ्ठल" सावकाश म्हणायचे. ते संपायच्या आत आपण त्या दगडापाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. साधारण तीन सेकंद होतात. खडीच्या रस्त्यावर दोनदा म्हणायचे. आता आमच्या गाडीत प्रवासात आपोआप नामस्मरण घडते.

चाचांनी सांगितले की दगडाच्या आणि मागाहूनच्या खड्ड्यांच्या धक्क्याने बल्बची तार तुटली होती. त्यांनी नवा बल्ब घातला, तडा गेलेल्या जागी पारदर्शक पट्टी चिकटवली, उजवा दिवा घासून बराचसा उजळला. दोन्ही दिवे लावून मला गाडीसमोर वीस पावलांवर उभे केले. "इथून बघा. गाडी आतून सगळेच बघतात. कधी समोरून पण बघायची." मजुरी मागितली ती इतकी थोडी की मला संकोच वाटला. जास्त देऊ लागलो तर म्हणाले, "दिवाळी आहे, सर. पोचल्यावर फोन करा म्हणजे झालं."

परशुराम घाटात खाली वाशिष्ठीच्या खोऱ्यातले दिवे दिसत होते. रस्ता आता खरोखर दिसत होता. कडेची माणसे, सायकली, गुरे, सगळे दुरून दिसत होते. मी पन्नासच्या वर गेलो नाही.

रात्री अकरा वाजून गेले तेव्हा आत्याच्या अंगणात शिरलो. ती पायरीवर जागी बसली होती. पायरीच्या कडेला कणकेचा दिवा तेवत होता, दक्षिणेकडे तोंड केलेला. धनत्रयोदशीला यमासाठी लावतात तो.

"किती रे उशीर," ती म्हणाली. "दोनदा तेल घातलं मी त्यात. विझू दिला नाही."

मी तिच्या पाया पडलो. काय घडले ते सांगितले नाही. आत जाऊन आधी चाचांना फोन केला आणि मग पुन्हा बाहेर येऊन गाडीसमोर उभा राहिलो. अंगणातल्या उजेडात बॉनेटवरचा तो टवका दिसत होता. हरभऱ्याएवढाच होता. पुण्याला परतल्यावर त्यावर रंग भरून घेतला, दोन्ही दिवे नवे बसवले आणि त्यांच्यापुरता तो पापुद्राही लावून घेतला.

आता दर प्रवासाआधी मी गाडीसमोर जाऊन उभा राहतो, कन्या आत बसून दिवे लावते आणि मी बाहेरून मोजतो : एक, दोन. शेजारी हसतात. हसोत बापडे!