मूळ रंग

जुन्या इलेक्ट्रिक गिटारीत सगळ्यात महाग काय असतं, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, तिचा मूळ रंग. १९५० आणि ६०च्या दशकांत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये बनलेल्या फेंडर गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर असायचा. तो पिवळा पडतो, तडकतो, हात घासला जातो तिथे उडतो. तरीही तो जागेवर असणं मोलाचं, कारण त्यावर दुसरा रंग चढला की गिटारीची किंमत साधारण निम्म्यावर येते, मग नवं काम कितीही सफाईचं असो. हे मी वेळेवर ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

माझी पहिली चूक मात्र रंगाची नव्हती, आकड्याची होती. पुण्यात कॉलेजात असताना या गिटारी मी फक्त रेकॉर्डच्या कव्हरांवर पाहिल्या होत्या. नोकरीसाठी कॅलिफोर्नियात आलो, हातात थोडा पैसा खेळू लागला आणि संधी मिळताच फेंडरची एक स्ट्रॅटोकास्टर घेतली. मागच्या धातूच्या पट्टीवरचा क्रमांक साठच्या दशकाच्या सुरुवातीचा होता. जानेवारी १९६५मध्ये फेंडर कंपनी सीबीएसने विकत घेतली आणि संग्राहकांच्या लेखी ती विक्री म्हणजे लक्ष्मणरेषा. माझी गिटार रेषेच्या योग्य बाजूला आहे, एवढं पाहून मी पैसे मोजले. ती उघडून पाहायचं सुचलंच नाही.

सुचायला हवं होतं. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. बिघडलेला भाग काढून दुसरा चटकन बसवता यावा, म्हणून त्याने नेक सरसाने न चिकटवता स्क्रूंनी बॉडीला जोडली. त्याच सोयीमुळे एका गिटारीची, याच स्क्रूंनी बसवलेली क्रमांकाची पट्टी दुसरीवर सहज जाते. पुढे एका जाणकाराने माझी गिटार उघडली आणि आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटवर ठसलेला आकडा वाचून दाखवला. त्यात आधी बनवणाऱ्या कारखान्याची खूण असते, मग वर्ष, मग आठवडा. माझे पॉट सत्तरच्या दशकातले निघाले आणि नेक भलत्याच गिटारीची. ती विकताना मी दिलेल्या पैशांतला मोठा भाग बुडाला.

त्यानंतर मी झपाटल्यासारखा शिकलो. नेकच्या टाचेवर तारीख असते, आधी पेन्सिलीने लिहिलेली, १९६२पासून शिक्क्याची. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपचा तळ साधारण १९६४पर्यंत काळा, पुढे करडा. जुन्या सोल्डरिंगला कोणी हात लावला असेल तर ते नजरेला कळतं. हे सगळं मला येऊ लागलं, त्याचा अभिमान वाटू लागला, आणि त्या अभिमानातच मी दुसरी चूक केली. ती आजही सलते.

ऑरेंज काउंटीतल्या एका वृद्ध वादकाकडून मी फेंडरचीच १९६२ची प्रिसिजन बेस घेतली. तरुणपणी तो शनिवार-रविवारी नाचाच्या कार्यक्रमांतून वाजवायचा. संधिवाताने बोटं आखडली, म्हणून विकत होता. मी ती उघडली. टाचेवरची तारीख जुळत होती, पॉट जुळत होते, सोल्डरिंगला कोणी हात लावलेला नव्हता. फ्रेटबोर्ड ब्राझीलच्या शिसवीचा, जिच्या व्यापारावर १९९२पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. यापेक्षा अस्सल बेस माझ्या हाती पुन्हा आली नाही.

पण ती दिसायला थकलेली होती. वरच्या कडेला, जिथे उजवा हात टेकतो, तिथला सनबर्स्ट रंग पार जाऊन तळहाताएवढं करडं लाकूड उघडं पडलं होतं. ब्रिजवरच्या क्रोमच्या झाकणाखाली तारांचा नाद दाबण्यासाठी लावलेला फोम कुजून चिकट झाला होता. तारा कित्येक वर्षांच्या. आमच्या घरी वस्तू जपायची म्हणजे पितळी भांड्यासारखी घासूनपुसून लख्ख ठेवायची, हेच मी लहानपणापासून पाहिलं होतं. बेस रंगाऱ्याकडे दिली. त्याने विचारलं, "नेकसुद्धा?" मी म्हणालो, "सगळंच."

त्या एका शब्दात काय काय गेलं ते हळूहळू कळलं. जुना थर काढताना पॉलिश पेपरने लाकूडही थोडं जातं, त्यामुळे कडांची मूळ गोलाई बदलली. नेकची टाच घासली गेली आणि शिक्क्याची तारीख नाहीशी झाली. आदल्या चुकीतून जे वाचायला शिकलो होतो, तेच मी स्वतः पुसून टाकलं. फोम आणि तारा तर मी आधीच कचऱ्यात टाकल्या होत्या.

तयार झालेली बेस मी मोठ्या हौसेने त्या वादकाला दाखवायला नेली. त्याने ती मांडीवर घेतली. उजवा हात सवयीने वरच्या कडेवर गेला आणि नव्या गुळगुळीत लॅकरवर दोन-तीनदा पुढे-मागे सरकला. आपली जागा त्याला सापडत नव्हती. "छान दिसतेय," तो म्हणाला, "अगदी नवी." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र पुढचा अर्धा तास काय बोलावं ते कळेना. बेस त्याने मला विकली होती. पण त्या उघड्या लाकडात त्याच्या हाताची वर्षं होती. बेस माझ्या ताब्यात आली, म्हणून ती वर्षं मिटवण्याचा हक्क मला मिळत नव्हता.

मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतला बेस ज्याने घडवला, तो जेम्स जेमर्सनही १९६२चीच प्रिसिजन वाजवायचा. तार तुटल्याशिवाय तो ती बदलत नसे. त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी, १९८३मध्ये, ती बेस चोरीला गेली, ती आजवर सापडलेली नाही. तारांबद्दलची ती गोष्ट मी कधीची वाचलेली होती, पण माझ्या हातातल्या बेसशी तिचा काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं. वाजवणाऱ्याने जे जसं ठेवलं, त्यात वाद्याचा सूर राहतो, त्याचा इतिहासही राहतो. मी आतले आकडे वाचायला शिकलो होतो. बाहेर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं मला वाचता आलं नाही.

आता माझ्याकडे गिटार आली की मी पहिले काही महिने ती फक्त वाजवतो. एखादा स्क्रू काढावाच लागला तर तो पाकिटात, पाकिटावर तारीख आणि सगळं केसमध्ये. आधीच्या मालकाला भेटता आलं तर गिटारीने कुठे कुठे साथ दिली ते विचारतो आणि लिहून ठेवतो. कोणी जुनी जॅझ बेस घेऊन येतो आणि "हिला जरा चकाचक करून घेऊ का?" म्हणून विचारतो, तेव्हा मी माझी प्रिसिजन काढून त्याच्या हातात देतो आणि तिची गोष्ट सांगतो.

ती मी अजून विकलेली नाही. माझ्यामागे ती कोणाकडे जाईल ते ठाऊक नाही, पण त्या माणसाने फसू नये आणि रंगाऱ्याला दोषही देऊ नये. म्हणून केसमध्ये एक कागद ठेवला आहे. त्यावर आधी त्या वादकाने ती किती वर्षं आणि कुठे वाजवली ते आहे. त्याखाली माझ्या सहीने लिहिलं आहे की रंग मूळ नाही, टाचेवर १९६२ची तारीख होती, आणि दोन्ही मी घालवलं.