गावच्या बँडचा नवा बास

मिरवणुकीत पुढची कॉर्नेट आणि क्लॅरिओनेट कितीही रंगात आली, तरी पाठीमागून बासाचा भरदार हुंकार उठल्याशिवाय आमच्या गावकऱ्यांस बँड वाजल्यासारखा वाटत नाही. पुस्तकांत ज्यास ट्युबा म्हणतात, त्यासच आम्ही बास म्हणतो. आमचा जुना बास कायमचा मुका झाला. पितळेतील जस्त झिजून जागोजागी लाल डाग पडले होते. एका ठिकाणी डाख लावावा, तो शेजारी नवे छिद्र पडे. भातकापणीनंतर घरटी वर्गणी जमली. ज्यांच्यापाशी पैसा नव्हता त्यांनी पायलीभर भात आणून घातले. निवडीचे काम आम्हांवर आणि लष्करी बँडातून निवृत्त झालेल्या एका हवालदारकाकांवर येऊन पडले. वर्गणी दुसऱ्यांदा मागता येण्याजोगी नव्हती, हे दोघेही जाणून होतो.

हे वाद्य तसे अर्वाचीनच. बर्लिनच्या व्हीप्रेख्त आणि मोरिट्स या दोघांनी १८३५ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे त्याचे अनेक आकार निघाले, आणि तेथेच गिऱ्हाइकाचा गोंधळ सुरू होतो.

दुकानदार ‘पाऊण’ आणि ‘पूर्ण’ असे दोन शब्द फार वापरतात. ऐकणाऱ्यास वाटते, पाऊण म्हणजे वरच्या सुराचे, लेकरांचे वाद्य. तसे मुळीच नाही. सूर ठरतो तो नळीच्या लांबीवरून. बी फ्लॅटच्या बासाची नळी उलगडली तर सुमारे १८ फूट भरते, मग तो पाऊण असो वा पूर्ण. फरक असतो तो नळीच्या जाडीत आणि भोंग्याच्या घेरात. त्यातही या मापांचा सर्वमान्य नियम नाही. एका कारखान्याचा पाऊण दुसऱ्याच्या पूर्णास भिडतो. म्हणून शब्दांवर न जाता वाद्य मांडीवर घेऊन पाहावे, असे आम्ही ठरविले.

पूर्ण आकाराचा आवाज रुंद, घुमणारा. मोकळ्या मैदानात तो सहज पसरतो. पण त्यास श्वास फार लागतो आणि वजन ९-१० किलोंच्या घरात जाते. पाऊण आकाराचा आवाज थोडा सडपातळ, तरी बोल स्पष्ट. फुंकताच सूर पकडतो. आमचा वाजविणारा मुलगा अवघा चौदा वर्षांचा. त्याच्या आजीने आम्हांस विचारलेच, “मास्तर, बास पोरानं उचलायचा, की बासानं पोराला?”

ई फ्लॅटचा बास आणखी सोपा, कारण नळी सुमारे १३ फुटांचीच. दोन बास बाळगणाऱ्या बँडास तो शोभतो. आमच्याकडे एकच असावयाचा, तेव्हा खालचा भार कोण उचलणार? अंगाभोवती वेढणारा सूझाफोन मिरवणुकीस उत्तम, आणि फायबरचा घेतला तर हलकाही. परंतु गायनसज्जाचा जिना आम्ही मापून पाहिला आणि तो विचार सोडला.

खरा वाद झाला तो व्हॉल्व्हांवरून. स्वस्त बासांस बहुधा तीनच असतात. पहिला आणि तिसरा एकदम दाबला की सूर चढा लागतो. कारण असे: एक व्हॉल्व्ह दाबताच नळी लांबते, आणि लांबलेल्या नळीस दुसऱ्याची तुटपुंजी भर पुरत नाही, बी फ्लॅटच्या बासात सुमारे ५ इंच कमी पडतात. आमच्या कूचगीतांत बासाचा सा-प, सा-प असा झुला चालतो, आणि खालचा प नेमका याच दोन बोटांचा! चौथा व्हॉल्व्ह असेल तर त्या दोघांचे काम तो एकटा करतो आणि सूर खरा लागतो. “तीन व्हॉल्व्हांवर उभी पलटण चालली,” असे काका म्हणत. ते खरे, पण पलटणीत वाजविणारे मुरलेले होते. नवख्या पोरास ओठांनी सूर ओढून खाली आणावयास सांगणे आम्हांस अन्यायाचे वाटले. अखेर पाऊण आकाराचा, चार व्हॉल्व्हांचा बास घ्यावा आणि चकचकीत पेटीचा मोह सोडावा, यावर एकमत झाले.

काकांची एक युक्ती मात्र सर्व बँडवाल्यांनी शिकून घ्यावी. व्हॉल्व्ह न दाबता त्याची सरकती नळी ओढून काढावी आणि मग व्हॉल्व्ह दाबावा. ‘फट्’ असा आवाज आला तर सांधे घट्ट आहेत. दोन दुकानांतील चकाकणारे बास येथेच नापास झाले. मुलाने स्वतःचा माऊथपीस नेला होता. तो सर्वच वाद्यांत बसत नाही, दांड्याची जाडी वेगवेगळी असते. मग काकांनी त्यास वाद्य गळ्यात अडकवून रस्त्यावर अर्धा तास चालावयास लावले. पोरगा परत आला तो वाजवीतच.

येताना एस. टी.त बासास खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टरने त्याचे अर्धे तिकीट फाडले.